नांव एक, गाडी निराळी : देशोदेशींचीं ग्रामीण अग्निशामक वाहनें व त्यांची परिभाषा

पीक शेतांत हिरवें उभें असतांना त्यास जो धोका असतो, त्याहून अधिक धोका तें वाळून तयार झाल्यावर असतो. कीड व अवर्षण हळूहळू हानि करतात. आग मात्र वर्षाचे श्रम घटकाभरांत राख करून जाते. शहरांत आग लागली तर पगारी व शिक्षित दल थोड्या वेळांत येऊन पोंचतें. शिवारांत लागली तर पहिले धांवतात ते शेजारचे शेतकरीच. हें जसें आपल्याकडे खरें आहे, तसेंच जगांतील बहुतेक कृषिप्रधान प्रदेशांतहि खरें आहे. भेद एवढाच कीं, कित्येक देशांत या शेजारधर्मास शिस्त, शिक्षण व वाहनें यांची जोड मिळून स्वयंसेवक अग्निशामक दलें उभीं राहिलीं. त्या दलांच्या गाड्या कशा असतात, त्यांस कोठें काय म्हणतात, आणि एकाच शब्दाचे दोन अर्थ झाल्यामुळें कोणती अडचण ओढवते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय परदेशचा असला तरी त्यांतील बोध आपल्या खळ्यापर्यंत येऊन पोंचतो.

स्वयंसेवक दलांचा व्याप

अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें इ. स. १७३६ सालीं बेंजामिन फ्रँकलिन यांनीं नागरिकांची 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. आजहि त्या देशांतील अग्निशामकांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश लोक स्वयंसेवक आहेत. जर्मनींत गांवोगांवच्या स्वयंसेवक दलांत मिळून सुमारें दहा लाख सभासद आहेत. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत १८५१ सालीं व्हालपारायसो बंदरांत पहिलें दल निघालें, आणि तेथें अद्यापहि राजधानीपासून खेड्यापर्यंत सर्व अग्निशामक स्वयंसेवकच आहेत. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स राज्यांत बेरिगन या धान्यप्रदेशांतील गांवीं १८९६ सालीं राज्यांतील पहिलें रानआग-दल स्थापन झालें. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यांत जानेवारी १९३९ मध्यें भयंकर वणवे लागून ७१ माणसें दगावलीं. न्यायाधीश स्ट्रेटन यांच्या चौकशीनंतर व पुढें १९४४ सालच्या आगींनंतर कायदा होऊन १९४५ सालीं 'कंट्री फायर ऑथॉरिटी' ही संस्था कामास लागली व विखुरलेलीं ग्रामीण दलें एका छत्राखालीं आलीं.

हीं दलें प्रथम आपापल्या गांवच्या गरजेंतून व गांवच्याच पैशांतून उभीं राहिलीं. जवळ जी मोटार होती तीवर पाण्याची टाकी चढविली, शेतांतला पंप जोडला, कीं झाली गाडी तयार. अमेरिकेंत तर सैन्यानें टाकून दिलेल्या अवजड मोटारी राज्यांच्या वनखात्यांमार्फत खेड्यांतील दलांस मिळण्याची रीत फार दिवसांपासून चालत आली आहे. असें असतां गाड्यांचे आकार भिन्न व्हावे आणि त्यांचीं नांवेंहि भिन्न व्हावीं, यांत नवल तें काय ? गाडी गांवची, तसें नांवहि गांवचेंच.

'टँकर' म्हणजे काय ?

या गोंधळाचें सर्वांत ठळक उदाहरण 'टँकर' या शब्दाचें आहे. आपल्याकडे टँकर म्हटलें कीं उन्हाळ्यांत टंचाईग्रस्त गांवास पिण्याचें पाणी घालणारी गाडी डोळ्यांपुढें येते. ऑस्ट्रेलियांतील शेतकऱ्यास टँकर म्हणजे आग विझविण्याची मुख्य गाडी; तीवर पाणी असतें, पंप असतो, नळ्या असतात आणि माणसेंहि बसतात. अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत टँकर म्हणजे केवळ पाणी वाहून आणून दुसऱ्या गाडीस पुरविणारी मोटार. त्याच देशाच्या पश्चिमेकडे मात्र टँकर म्हणजे आकाशांतून आगीवर द्रव टाकणारें विमान ! जमिनीवरील पाणीवाहू गाडीस तेथें 'टेंडर' म्हणतात. आणि आपल्या देशांतील सरकारी परिभाषेंत 'वॉटर टेंडर' म्हणजे पंप व हौद दोन्ही असलेली आग विझविण्याची मुख्य गाडी होय. नुसतें पाणी वाहणाऱ्या मोठ्या गाडीस आपलीं दलें 'वॉटर बाउझर' म्हणतात. म्हणजे एकाच शब्दानें मागणी केली असतां एका ठिकाणीं पंपासह गाडी येईल, दुसऱ्या ठिकाणीं पंपाशिवाय पाणी येईल, आणि तिसऱ्या ठिकाणीं विमान येईल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९७० सालच्या शरद्ऋतूंत कॅलिफोर्निया राज्यांत तेरा दिवस वणव्यांनीं थैमान घातलें. १६ माणसें मृत्यु पावलीं, ७०० हून अधिक इमारती जळाल्या आणि पांच लाख एकरांवर प्रदेश होरपळला. निरनिराळ्या खात्यांचीं व गांवांचीं दलें मदतीस धांवलीं. परंतु एकाची परिभाषा दुसऱ्यास कळेना, बिनतारी यंत्रें एकमेकांशीं जुळेनात, आणि कोणाच्या हुकुमांत कोणी रहावें हेंहि ठरलेलें नव्हतें. या अनुभवांतून 'फायरस्कोप' ही योजना निघाली, व तिच्यांतून आज अमेरिकाभर चालणारी घटना-नियंत्रणाची पद्धति तयार झाली. तिच्या पहिल्या धड्यांपैकीं एक असा कीं, सर्वांनीं एका वस्तूस एकच नांव द्यावें. टँकर हा शब्द विमानाकडे आणि टेंडर हा जमिनीवरील गाडीकडे गेला तो या नियमानें. तरी पूर्वेकडील पुष्कळ गांवांनीं आपला जुना शब्द सोडलेला नाहीं. गाडीच्या दारावर अद्याप 'टँकर' अशींच अक्षरें दिसतात.

आंकडे आणि त्यांचे अर्थ

नांवांनीं गोंधळ होतो म्हणून आंकडे घातले, तर आंकड्यांचेहि अर्थ प्रदेशोप्रदेशीं निरनिराळे झाले. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यांत '३४' या खुणेची गाडी म्हणजे ३,००० लिटर पाणी आणि चारही चाकांस गति असलेली गाडी. '२४' म्हणजे २,००० लिटरांची, '१४' म्हणजे १,००० लिटरांची. वेस्टर्न ऑस्ट्रेलियांत हीच खूण मध्यें टिंब देऊन '३.४', '२.४' अशी लिहितात. ही रीत शेतकऱ्यास फार सोयीची आहे. पहिला आंकडा पाणी किती हें सांगतो, दुसरा चिखलांत व नांगरटींत गाडी चालेल कीं नाहीं हें सांगतो.

न्यू साउथ वेल्समध्यें मात्र 'कॅटेगरी' म्हणजे वर्ग चालतात. पहिल्या वर्गाची गाडी सर्वांत मोठ्या रानआगीच्या गाड्यांपैकीं असून तीवर सुमारें तीन ते चार हजार लिटर पाणी असतें. सातव्या वर्गाच्या गाडीवर सुमारें सोळाशें, आणि नवव्या वर्गाच्या हलक्या गाडीवर कांहीं शें लिटरच. या तीन वर्गांत आंकडा वाढला कीं गाडी लहान होते.

अमेरिकेंतील आगीच्या इंजिनांचे सात प्रकार ठरविलेले आहेत, आणि त्यांत तर विशेषच मौज आहे. तेथील नियमाप्रमाणें पहिल्या प्रकारच्या गाडीवर निदान ३०० गॅलन, म्हणजे सुमारें १,१३५ लिटर पाणी असावें व पंप मिनिटास १,००० गॅलनांचा असावा. चौथ्या प्रकारच्या गाडीवर निदान ७५० गॅलन, म्हणजे सुमारें २,८४० लिटर पाणी असावें, पण पंप मिनिटास अवघा ५० गॅलनांचा चालतो. हिशेब करून पाहिल्यास दिसून येईल कीं, पहिल्या प्रकारच्या गाडीनें पूर्ण जोरानें पाणी सोडलें तर तिचा हौद अर्ध्या मिनिटाच्या आंत रिकामा होईल. चौथ्या प्रकारची गाडी पाव तास चालेल. पहिली गाडी शहरांतील रस्त्यावरच्या नळास जोडून चालविण्यासाठीं आहे. चौथी जेथें नळ नाहीं अशा माळरानासाठीं आहे. 'पहिल्या प्रतीची' म्हणून ती मागविणारा शेतकरी फसेल. सहाव्या प्रकारची गाडी म्हणजे लहान मोटारीवर बसविलेली, निदान १५० गॅलनांची टाकी असलेली गाडी होय. हीस सामान्यतः 'ब्रश ट्रक' म्हणजे झुडपांची गाडी म्हणतात. मॅसॅच्युसेट्स राज्यांत झाडें मोडीत रानांत घुसणारी, पुढें लोखंडी आडण लावलेली अवजड गाडी असते. तीस 'ब्रश ब्रेकर' असें नांव आहे.

जर्मनींत सर्व देशास एक मानक आहे, तरी त्यांतहि बदल झाले. जुन्या पद्धतींत 'टी. एल. एफ. १६/२५' म्हणजे मिनिटास १,६०० लिटर पाणी फेंकणारा पंप व सुमारें २,५०० लिटरांचा हौद असलेली गाडी. नव्या पद्धतींत 'टी. एल. एफ. ३०००' असें म्हटलें कीं आंकडा हौदाचे लिटर दाखवितो, परंतु 'एल. एफ. १०' म्हटलें कीं तोच आंकडा पंपाची शक्ति, मिनिटास १,००० लिटर, दाखवितो. अगदीं लहान खेड्यांची गाडी 'टी. एस. एफ.' ही होय. तिच्या मूळ स्वरूपांत पाण्याचा हौदच नसतो. उचलून नेण्याजोगा पंप व नळ्या एवढेंच ती वाहते. पाणी गांवच्या तळ्यांतून, ओढ्यांतून किंवा नळांतून घ्यावयाचें. जिच्यावर थोडें पाणी असतें तिच्या नांवापुढें पाणीवाचक 'डब्ल्यू' अक्षर जोडतात. ऑस्ट्रियांत चारही चाकांस गति असलेल्या गाडीच्या नांवास 'ए' अक्षर लावतात. ऑस्ट्रेलियाचा चाराचा आंकडा आणि ऑस्ट्रियाचें 'ए' अक्षर एकच गोष्ट सांगतात, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

चिलींत पंपाच्या गाडीस 'कार्रो बोंबा' व पाण्याच्या गाडीस 'कार्रो आल्हिबे' म्हणतात. यांतील 'बोंबा' म्हणजे पंप. आपला 'बंब' हा शब्दहि याच अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठींत आला, असें मानण्यांत येतें. म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोंकाचा स्वयंसेवक आणि आपल्या नगरपरिषदेचा बंबवाला एकाच घराण्यांतला शब्द वापरतात. आणि तो शब्द योग्यहि आहे. कारण आग विझविण्याच्या गाडीचा जीव तिच्या पंपांत आहे.

भेदांचीं कारणें

गाड्यांतील या भेदांचीं कारणें तीन. पहिलें पाणी. जेथें ओढे व तळीं जवळजवळ आहेत तेथें पंप नेला कीं पुरें. जेथें मैलोगणती पाणी नाहीं तेथें तें बरोबर न्यावें लागतें. दुसरें जमीन. डोंगराळ, चिखलाच्या किंवा वाळूच्या प्रदेशांत जड गाडी रुतते, म्हणून हौद लहान ठेवून चारचाकी गति घ्यावी लागते. तिसरें जळण. घराच्या आगीस थोडक्या वेळांत पुष्कळ पाणी लागतें. गवताच्या किंवा गव्हाच्या आगीची धार मात्र बारीक फवाऱ्यानेंहि मोडतां येते, पण तो फवारा तिच्याबरोबर धांवला पाहिजे. म्हणूनच धान्यप्रदेशांत लहान व चपळ गाड्यांचें महत्त्व अधिक.

अमेरिकेच्या खेड्यांतून या तिन्ही गोष्टींची सांगड मोठ्या युक्तीनें घालतात. इंजिन आगीजवळ उभें राहतें. त्याच्या शेजारीं कापडी घडीचा हौद मांडतात. पाणीवाहू गाडी आपलें पाणी एकदम त्या हौदांत ओतून लगेच दुसऱ्या खेपेस निघून जाते, आणि इंजिन हौदांतून पाणी शोषून आगीवर मारीत राहतें. अशा दोन-तीन गाड्यांच्या फेऱ्यांनीं नळ नसलेल्या ठिकाणींहि धार अखंड राहते. जर्मनी व ऑस्ट्रियांत शेणखताचें पातळ द्रव्य वाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या टाक्या आगीच्या वेळीं पाणी वाहण्यास पुढें येतात.

जोड न जुळल्याचा अनर्थ

नांव न जुळणें जसें घातक, तसेंच नळीचें तोंड न जुळणेंहि घातक आहे. फेब्रुवारी १९०४ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरास मोठी आग लागली. दूरच्या शहरांतून बंब आगगाडीनें आले, परंतु त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांस बसेनात. पाणी समोर असून हात बांधल्यासारखें झालें, आणि १,५०० हून अधिक इमारती भस्म झाल्या. या अनुभवानंतर तेथें आट्यांचें राष्ट्रीय मानक ठरविण्यांत आलें. जर्मनींत 'श्टोर्झ' नांवाचा जोड रूढ आहे. त्याचीं दोन्ही तोंडें सारखींच असल्यानें नर-मादी असा प्रश्नच उरत नाहीं. आपल्या देशांतील बंबांच्या नळ्यांस सामान्यतः ६३ मिलिमीटरचा, खटक्यानें बसणारा नर-मादी जोड असतो. शेतांतील पंपास मात्र वेगळ्याच मापाचे नळ असतात. एक दुसऱ्यास आपोआप बसेल असें कोणीं गृहीत धरूं नये.

शेतकऱ्याची स्वतःची गाडी

ऑस्ट्रेलियांतील गहू पिकविणारा शेतकरी दलाच्या गाडीवर सर्वस्वीं विसंबून रहात नाहीं. 'यूट' नांवाची जी उघड्या पाठीची लहान मोटार त्याच्या घरीं असते, तीवर तो कापणीच्या हंगामांत चार-सहाशें लिटरांची टाकी, लहान पेट्रोल पंप व नळी असा संच बसवितो. यास कोठें 'फार्म फायर युनिट' व कोठें 'स्लिप-ऑन' म्हणतात. अमेरिकेंत अशाच संचास 'स्किड युनिट' म्हणतात. हंगाम संपला कीं संच उतरवून मोटार पुन्हां कामास मोकळी. वेस्टर्न ऑस्ट्रेलियांतील अनेक स्थानिक संस्था कापणी चालू असतांना असा संच त्याच शेतांत हजर ठेवण्याची सक्ति करतात. साउथ ऑस्ट्रेलियांत तर वारा, उष्णता व हवेंतील कोरडेपणा यांवरून काढलेला गवत-आगीचा निर्देशांक ३५ च्या वर गेला कीं कापणी थांबवावी, असा संकेत ठरलेला आहे.

या सावधगिरीमागें कटु अनुभव आहे. २५ नोव्हेंबर १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २५ नोव्हेंबर २०१५ रोजीं त्याच राज्यांत पिनरी या भागांत कापणीस आलेल्या धान्यप्रदेशांत आग शिरली. प्रचंड वाऱ्यापुढें एका दिवसांत सुमारें ८०,००० हेक्टर प्रदेश जळाला व दोन माणसें दगावलीं. अशा वाऱ्यांत आगीच्या तोंडासमोर कोणतीहि गाडी टिकत नाहीं. म्हणून तेथील शिकवण अशी कीं, खाजगी गाड्यांनीं आग लहान आहे तोंवरच तीवर तुटून पडावें, जळून गेलेल्या बाजूनें काम करावें, आणि दलाचा अधिकारी आल्यावर त्याच्या सूचनेप्रमाणें वागावें.

आपण काय घ्यावें ?

आपल्याकडे खेडोपाडीं अशीं स्वयंसेवक दलें नाहींत. आग लागली कीं जवळच्या नगरपरिषदेचा, औद्योगिक वसाहतीचा किंवा साखर कारखान्याचा बंब बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत पुष्कळ वेळां फड किंवा गंजी हातची गेलेली असते. तेव्हां पुढील गोष्टी प्रत्येक गांवानें हंगामापूर्वीं ठरवून ठेवाव्या, असें वाटतें.

पहिली गोष्ट मागणीच्या भाषेची. १०१ क्रमांकावर किंवा बंबाच्या ठाण्यावर कळवितांना 'गाडी पाठवा' एवढेंच सांगूं नये. काय जळत आहे—ऊस, कडब्याची गंजी, कीं घर; गाडी कोठपर्यंत येऊं शकेल; आणि जवळ पाणी कोठें व किती आहे, या तीन गोष्टी सांगाव्या. त्याचप्रमाणें गांवच्या टँकरवाल्यासहि पंप आहे कीं नाहीं हें आधींच विचारून ठेवावें. दहा हजार लिटरांचा टँकर आला, पण पाणी आगीवर फेंकण्याचें साधन नसलें, तर तें पाणी केवळ पाहण्याच्या उपयोगाचें.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोणताहि पंप पाणी शोषून घेतो तें व्यवहारांत फार तर सात मीटर, म्हणजे सुमारें तेवीस फूट खोलीवरून. उन्हाळ्यांत आपल्या विहिरींचें पाणी त्याहून पुष्कळ खालीं गेलेलें असतें. अशा विहिरीवर बंब उभा केला तरी त्यास पाणी मिळणार नाहीं. भरलेलें शेततळें, रस्त्याच्या कडेचा हौद किंवा बंधारा हींच खरीं उपयोगाचीं ठिकाणें. शिवाय आग विजेच्या तारांजवळ असेल तर प्रथम वीज बंद करवावी लागते, आणि वीज बंद झाली कीं विहिरीवरची मोटारहि बंद पडते. म्हणून गांवांत निदान एक तेलावर चालणारा पंप सज्ज असावा.

तिसरी गोष्ट फवारणी यंत्राची. नाशिक, सांगली या भागांतील द्राक्ष बागाइतदारांकडे ट्रॅक्टरला जोडलेलीं पांच-सहाशें लिटर टाकीचीं फवारणी यंत्रें आहेत. ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्याचा संच याहून फारसा निराळा नाहीं. सहाशें लिटरांची टाकी मिनिटास तीस लिटर या दरानें वीस मिनिटें चालते, आणि गवताची किंवा पाचटाची नुकती पेटलेली धार मोडण्यास तेवढा वेळ पुष्कळ होतो. मात्र टाकींत औषध शिल्लक नसावें, ती धुऊन स्वच्छ पाण्यानें भरलेली असावी, आणि पानांवर धुकें उडविणाऱ्या तोंडांऐवजीं हातांत धरण्याची नळी व सरळ धारेचें तोंड जोडलेलें असावें. यंत्राचा पंखा बंद ठेवण्यास विसरूं नये. त्याचा वारा आगीस मदतच करील.

चौथी गोष्ट जोडाची. जवळच्या ठाण्यावर जाऊन तेथील नळीचें माप पहावें, आणि गांवच्या हौदास व पंपास तें बसेल असा एक जोड करून घ्यावा. त्यास खर्च थोडा, पण वेळेवर त्याची किंमत मोठी.

बेरिगनच्या शेतकऱ्यांपाशीं १८९६ सालीं मोटार नव्हती. आग लागल्यावर कोणीं काय आणावयाचें हें आग लागण्यापूर्वीं ठरविणें, हीच पहिली पायरी होय. गाड्या, आंकडे व अक्षरें नंतर आलीं. आपल्या गांवच्या सोसायटीच्या एका बैठकींत हें ठरवितां येण्यासारखें आहे. कोणाचा ट्रॅक्टर, कोणाचें फवारणी यंत्र, कोणाचें शेततळें, आणि निरोप कोणीं द्यावयाचा, याची एक यादी करून ती सर्वांस ठाऊक करावी. आमचे शेतकरी बंधु येत्या खळ्यापूर्वीं याचा विचार करतील, अशी आशा आहे.